ॲपची रवानगी

श्रावणाच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील काळ्या रानांत कपाशीला पात्या धरू लागल्या, म्हणजे पावसाचा खंड, युरियाची टंचाई आणि बोंडअळी या वर्षानुवर्षांच्या चिंतांच्या जोडीला अलीकडे आणखी एक तगादा गावोगाव ऐकू येतो, आणि तो म्हणजे ‘ॲप अपडेट करून घ्या’ हा. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्र शासनाने टाटा ट्रस्टच्या साहाय्याने ई-पीक पाहणीचा प्रकल्प राज्यभर लागू केला, आणि गाव नमुना बारामध्ये पिकाची जी नोंद पिढ्यानपिढ्या तलाठी करीत असे, कधी बांधावर जाऊन आणि कधी, खोटे कशाला बोला, चावडीत बसून, ती करण्याचा अधिकार व त्यासोबतची सारी जबाबदारी शेतकऱ्याच्या खिशातील मोबाइलकडे आली. पुढे १ ऑगस्ट २०२२ रोजी या ॲपची दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्यात केलेली नोंद अठ्ठेचाळीस तासांच्या आत एकदा दुरुस्त करण्याची सवलत मिळाली. २०२४ पासून केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेली तिसरीच रचना आली. त्यात भर म्हणून २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या सीसीआयने, हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्यांची नोंदणी ‘कपास किसान’ या ॲपवर आणली, आणि लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हा त्या वर्षीचा भाव पदरात पाडून घेण्याची वाट, राळेगावच्या असो की घाटंजीच्या, प्रत्येक कास्तकाराला मोबाइलच्या पडद्यावरून धरावी लागली.

शेतकऱ्याला या साऱ्या प्रकरणात दिसते ते एक हिरवे बटण. ते दाबले की थोडा वेळ एक वर्तुळ फिरते आणि नवी आवृत्ती हजर होते. परंतु ज्याने ते ॲप रचले त्याच्या संगणकापासून झरी जामणीच्या एखाद्या पोडावरील मोबाइलपर्यंतचा तिचा प्रवास हा एका दप्तराचा प्रवास असतो, त्यात शिक्का असतो, क्रमांक असतो, आवक-जावक असते, मंजुरी असते. आणि हे सारे कारकुनी काम गेल्या दहा-बारा वर्षांत माणसाच्या हातातून काढून कमांड लाइनवरील, म्हणजे टंकून द्यावयाच्या, आज्ञांच्या हवाली करण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे काम हाताने करावयाचे झाले तर काय काय करावे लागते ते पाहू. रचनाकाराने लिहिलेली मूळ संहिता यंत्राला कळेल अशा रूपात आणून तिचे एक गाठोडे बांधावे लागते. अँड्रॉइडच्या बाबतीत ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपसाठी ‘ॲप बंडल’ हेच रूप गुगलने सक्तीचे केले आहे, आणि ॲपलकडे त्याच जागी ‘आयपीए’ नावाची फाइल असते. या गाठोड्याला मागील आवृत्तीहून मोठा असा क्रमांक द्यावा लागतो. त्यावर रचनाकाराची खाजगी स्वाक्षरी उमटवावी लागते. मग गुगलच्या अथवा ॲपलच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात शिरून ते चढवावे, नव्या आवृत्तीत काय बदलले याची टीप प्रत्येक भाषेच्या रकान्यात भरावी, पडद्यांची छायाचित्रे जुनी झाली असल्यास बदलावी, आवृत्ती प्रथम चाचणीकारांना द्यावयाची की सर्वांना याचा निर्णय करावा आणि अखेरीस मंजुरीसाठी अर्ज रुजू करावा. यातील एकही पायरी अवघड नाही, आणि नेमकी हीच अडचण आहे. कारण जे काम अवघड नसते पण लांबलचक असते, आणि ते दर पंधरवड्यास जसेच्या तसे करावे लागते, त्यात मनुष्याचे लक्ष उडते, क्रमांक वाढवावयाचा राहतो, मराठीच्या रकान्यात इंग्रजी टीप जाते, किंवा चाचणीची प्रत थेट जनतेच्या हाती पडते.

या व्यवहाराचे मर्म यवतमाळच्या माणसाला समजावून देण्यास जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. १९२५ साली तत्कालीन सरकारने कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांविषयी एक कायदा केला, आणि त्यान्वये प्रेसमध्ये दाबलेल्या प्रत्येक गाठीवर त्या कारखान्याचे ठरवून दिलेले चिन्ह व गाठीचा अनुक्रमांक उमटविणे मालकावर बंधनकारक झाले. कोणत्या दिवशी किती गाठी दाबल्या, त्यांचे क्रमांक काय आणि त्या कोणासाठी दाबल्या, हे नोंदवहीत उतरविणेही आलेच. हेतू असा की वणीची वा दारव्ह्याची गाठ मुंबईच्या कॉटन ग्रीनवर उघडल्यावर आतून पाणी मारलेली रुई किंवा भलत्याच जातीचा भेसळ माल निघाला, तर चिन्हावरून कारखाना आणि क्रमांकावरून दिवस व मालधनी हुडकून काढता यावा. ॲपच्या गाठोड्यावरील स्वाक्षरी म्हणजे हे चिन्ह आणि आवृत्तीचा क्रमांक म्हणजे हा अनुक्रमांक होय. फरक इतकाच की गाठीवरील चिन्ह लबाडाला नकलता येत असे. येथील चिन्ह, निदान आजच्या गणिताच्या ज्ञानाप्रमाणे, नकलता येत नाही.

ते का, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. गाठोड्यातील सर्व मजकुरावर एक गणिती क्रिया करून त्याचा दोनशे छप्पन्न बिटांचा एक ठसा काढतात. मजकूर दहा मेगाबाइटचा असो की शंभर, ठसा तेवढाच, आणि मजकुरातील एक बिट जरी बदलला तरी ठसा संपूर्ण निराळा. हा ठसा रचनाकार आपल्या खाजगी किल्लीने गुंफून गाठोड्यास जोडतो, आणि त्याच्या जोडीची सार्वजनिक किल्ली प्रमाणपत्राच्या रूपाने सोबत पाठवितो. नवी आवृत्ती आल्यावर शेतकऱ्याचा मोबाइल कोणालाही न विचारता दोन गोष्टींचा पडताळा घेतो: ठसा मजकुराशी जुळतो काय, आणि स्वाक्षरी आधीच्या आवृत्तीवर होती त्याच किल्लीची आहे काय. दुसरी गोष्ट जुळली नाही तर तो नवी प्रत स्वीकारण्यास साफ नकार देतो, मग ती प्रत प्रत्यक्ष मूळ रचनाकाराने का पाठविली असेना. म्हणूनच ही किल्ली हरवणे हा एके काळी ॲपचा मृत्यूच समजला जाई. २०१७ साली गुगलने अंतिम स्वाक्षरीची किल्ली स्वतःच्या तिजोरीत ठेवण्याची व रचनाकाराकडे केवळ ‘अपलोड किल्ली’ देण्याची व्यवस्था आणली, तेव्हापासून हरवलेली अपलोड किल्ली अर्ज करून बदलून मिळते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शिकेत किल्ली घडविण्याची जी आज्ञा उदाहरणादाखल दिलेली असते तीत मुदत दहा हजार दिवसांची, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षांची असते, आणि गुगलचा दंडक असा की ही मुदत २२ ऑक्टोबर २०३३ च्या पलीकडे गेलीच पाहिजे. जिज्ञासूंसाठी म्हणून सांगतो, अँड्रॉइडचा बाजार उघडला तो २२ ऑक्टोबर २००८ रोजी. त्यास पंचवीस वर्षे मिळविली की ही तारीख येते.

अनुक्रमांकाचीही एक गंमत आहे. गुगलच्या दुकानात हा क्रमांक जास्तीत जास्त दोनशे दहा कोटी इतका असू शकतो, आणि तो वाढतच गेला पाहिजे, मागे येता येत नाही. पुष्कळ रचनाकार हा क्रमांक हाताने देण्याचे टाळून वर्ष, महिना, दिवस व तास असे दहा आकडे एकापुढे एक मांडून तो यंत्राकडूनच घडवून घेतात. १५ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी दहा वाजता बांधलेल्या प्रतीचा क्रमांक २०२५०८१५१० होतो, म्हणजे दोनशे दोन कोटींच्या वर, आणि हा हिशेब थेट २०९९ अखेरपर्यंत मर्यादेत बसतो. परंतु एखाद्या उत्साही मनुष्याने तासापुढे मिनिटेही घालावयाचे ठरविले तर आकडे बारा होतात आणि दुकान प्रत परत फेकते. आणि आज सहज म्हणून एवढा मोठा क्रमांक दिला की उद्या पुन्हा एक-दोन-तीनवर उतरण्याची सोय उरत नाही, हे विसरता कामा नये.

अशा एकामागून एक ठराविक कामांची साखळी यंत्राकरवी करून घेण्याची कल्पना मोबाइलहून बरीच जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन याने १९७६ साली ‘मेक’ नावाचे साधन रचले, आणि कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवले म्हणजे एका शब्दाच्या आज्ञेसरशी सारी बांधणी व्हावी अशी सोय केली. ॲपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी उघडले. परंतु पुढील कित्येक वर्षे, ज्यांचा सारा धंदा माणसांची कामे यंत्राकडे सोपविण्याचा, ते रचनाकार स्वतःच संध्याकाळच्या संध्याकाळ ब्राउझरमधील रकाने भरीत बसलेले असत. २०१४ साली फेलिक्स क्राउझे या ऑस्ट्रियन तरुणाने ‘डिलिव्हर’ हे छोटे साधन प्रसिद्ध केले आणि त्यातूनच ‘फास्टलेन’ हा साधनसमूह उभा राहिला. तो सर्वांना मोफत व खुला होता. पुढे २०१५ मध्ये तो ट्विटरच्या आश्रयास गेला, २०१७ च्या जानेवारीत गुगलकडे आला, आणि २०२३ मध्ये मोबाइल नेटिव्ह फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली गेला. धनी इतके बदलूनही साधन टिकले, हे खुल्या संहितेच्या बाजूने बोलणारे चांगले प्रमाण आहे.

क्राउझेच्या साधनांना लोकांनी इतके उचलून का धरले, हे छायाचित्रांच्या एका साध्या गुणाकारावरून कळते. समजा, एखाद्या ॲपचे सहा पडदे दाखवावयाचे आहेत, भाषा पाच आहेत आणि फोनचे आकार तीन. तर नव्वद छायाचित्रे होतात, आणि बटणाचा रंग बदलला की पुन्हा नव्वद. फास्टलेनचे ‘स्नॅपशॉट’ हे साधन रात्रभर स्वतःच ॲप उघडते, भाषा बदलते, पडदा टिपते आणि प्रत्येक चित्र ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवते. हे सारे कोणत्या क्रमाने करावयाचे ते ‘फास्टफाइल’ नावाच्या एका साध्या मजकूर-फाइलीत लिहिलेले असते, आणि तीत एकेका कामाच्या क्रमाला ‘लेन’ म्हणतात: चाचणीची एक लेन, जनतेसाठी दुसरी. ही फाइल संहितेबरोबरच जतन होते, त्यामुळे रवानगीची रीत एका अनुभवी मनुष्याच्या डोक्यात कोंडून राहत नाही. तो नोकरी सोडून पुण्यास गेला तरी त्याच्या जागी आलेल्या नवख्याला तीच आज्ञा देता येते. माझ्या मते वेळेच्या बचतीपेक्षा हा लाभ अधिक मोलाचा आहे, यद्यपि जाहिरात नेहमी वेळेचीच होते.

आता गुगलशी हे साधन प्रत्यक्ष काय बोलते ते पाहू, कारण येथे रचना मोठी सुबक आहे. गुगलने २०१४ मध्ये आपल्या दुकानाचे दार यंत्रांसाठीही उघडले. त्या दारातून माणसाच्या नावाने आत जावयाचे नसते. ‘सर्व्हिस अकाउंट’ नावाचा एक मुखत्यार नेमावा लागतो, ज्याला स्वतःची किल्ली असते आणि ज्याचे अधिकार मर्यादित करता येतात, म्हणजे त्याने चाचणीची प्रत चढवावी पण जनतेसाठी प्रकाशित करू नये असेही बंधन घालता येते. हा मुखत्यार आपली किल्ली दाखवून तासाभराचा परवाना मिळवितो आणि प्रथम एक कच्चा मसुदा उघडून मागतो. त्या मसुद्यात तो बंडल चढवितो, टिपा भरतो, कोणत्या गटाला प्रत द्यावयाची ते नोंदवितो. आणि हे सर्व होईपर्यंत दुकानात तसूभरही बदल झालेला नसतो. शेवटी ‘कमिट’ ही एक आज्ञा दिली म्हणजे संपूर्ण मसुदा एकदम कायम होतो. मध्येच वीज गेली, जी यवतमाळात जातेच, अथवा जाळे तुटले, तर अर्धवट काम मागे राहत नाही, मसुदाच निकालात निघतो. मात्र मसुदा उघडा असताना दुसऱ्या कोणी ब्राउझरमधून त्याच ॲपच्या नोंदी बदलल्या, तर यंत्राचा मसुदा रद्द ठरतो. सबब ज्या कचेरीत यंत्र आणि मनुष्य दोघेही एकाच दप्तरात लिहितात तेथे कोणी एकाने हात आवरावा हे बरे. आणि आणखी एक अट अशी की नव्या ॲपची अगदी पहिली प्रत हातानेच चढवावी लागते. खाते उघडून, अटी मान्य करून, पहिले गाठोडे माणसाने ठेवल्यावरच यंत्राला दार उघडते.

ॲपलची रीत अधिक करडी. वर्षाला नव्याण्णव डॉलर भरावयाचे (गुगलकडे पंचवीस डॉलर एकदाच), आणि ॲप बांधावयाचे ते ॲपलच्याच मॅक संगणकावर. २०१९ मध्ये ॲपलने खातेधारकांना द्विस्तरीय ओळख सक्तीची केली, म्हणजे खात्यात शिरताना हातातील फोनवर आलेला सहा आकड्यांचा संकेत घालणे आले, आणि रात्री दोन वाजता एकट्याने काम करणाऱ्या यंत्रांची मोठीच कुचंबणा झाली. कारण संकेत वाचून घालणारा मनुष्य त्या वेळी झोपलेला. त्यावरील तोड ॲपलनेच २०१८ मध्ये जाहीर केलेल्या ‘ॲप स्टोअर कनेक्ट’च्या यंत्रद्वारात होती. तेथे एक किल्ली मिळते, जी संकेतस्थळावरून एकदाच उतरवून घेता येते, दुसऱ्यांदा नाही. तिच्या आधारे साधन स्वतःच स्वतःला परवाना लिहून देते आणि बहुतेक कामांत त्या परवान्याची मुदत वीस मिनिटांहून अधिक चालत नाही. चोराच्या हाती परवाना पडला तरी तो वीस मिनिटांत निकामी व्हावा, हा त्यामागील विचार.

येथवर वाचल्यावर एखादा चौकस वाचक विचारील की हे सारे पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांना ठीक, यवतमाळला त्याचे काय? माझे उत्तर असे की ज्याच्याजवळ साधने कमी, त्यालाच या पद्धतीचा उपयोग जास्त. पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे, यवतमाळला जवाहरलाल दर्डा यांच्या नावाचे १९९६ पासून. तेथून बाहेर पडणाऱ्या मुलाजवळ बहुधा एक जेमतेम लॅपटॉप असतो, मॅक नसतो, आणि घरचे इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. त्याने हातानेच काम करावयाचे म्हटले तर प्रत्येक वेळी गाठोडे त्या लॅपटॉपवर बांधावे लागणार, पंखा घरघरत अर्धा तास जाणार, आणि मग पन्नास-साठ मेगाबाइटची फाइल त्या क्षीण जाळ्यावरून वर ढकलावी लागणार. उलट रवानगीची रीत आज्ञांत लिहून ठेवली असेल तर त्याला फक्त बदललेल्या ओळी पाठवावयाच्या असतात, ज्यांचे वजन काही किलोबाइटच्या वर जात नाही. गाठोडे बांधण्याचे, सही करण्याचे आणि चढविण्याचे काम दूरच्या भाड्याच्या यंत्रावर होते. संहिता साठविणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने ‘ॲक्शन्स’ नावाची अशी व्यवस्था नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांना खुली केली, तीत मॅक यंत्रेही मिळतात, आणि संहिता जाहीर असेल तर त्यांचे भाडे पडत नाही. म्हणजे ज्याने मॅक उभ्या आयुष्यात हाताळला नाही असा दिग्रसचा मुलगा आयफोनचे ॲप बांधून दुकानात पाठवू शकतो. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडातील कापूस बाहेर नेण्यासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर असा ११३ किलोमीटरांचा अरुंद रुळमार्ग एका विलायती कंपनीने घातला, आणि माल त्या रुळांच्याच वाटेने व त्यांच्याच दराने जाऊ लागला. नव्या मालाची वाटही परक्या कंपन्यांच्याच मालकीची आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण निदान तिच्यावर चढण्यासाठी मूर्तिजापूरपर्यंत जावे लागत नाही.

मराठी मजकुराचा प्रश्न मात्र स्वतंत्र विचार करण्याजोगा आहे. फास्टलेनच्या पद्धतीत प्रत्येक भाषेचा एक कप्पा असतो. मराठीच्या कप्प्यात नाव, लघुवर्णन, पूर्ण वर्णन आणि प्रत्येक आवृत्तीची टीप अशा साध्या मजकूर-फाइली ठेवावयाच्या, आणि यंत्र त्या उचलून नेते. गुगलने नावाला तीस, लघुवर्णनाला ऐंशी, पूर्ण वर्णनाला चार हजार आणि टिपेला पाचशे वर्णांची मर्यादा घातली आहे. आता वर्ण म्हणजे काय, यावर येथे ठेच लागते. ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दात आपल्या डोळ्याला सहा अक्षरे दिसतात. यंत्राच्या वर्णसंचात मात्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलंत यांना प्रत्येकी स्वतंत्र जागा असल्यामुळे तोच शब्द तेरा वर्णांचा होतो. म्हणजे नावाच्या तीस वर्णांपैकी जवळजवळ निम्मे एकाच शब्दाने खाल्ले. इंग्रजी नावाचा शब्दशः मराठी तरजुमा करून पाठविणाऱ्याला दुकान नकार देते आणि कारण चटकन ध्यानात येत नाही. यासाठी रवानगीच्या आधी वर्ण मोजून पाहणारी आणि मर्यादा ओलांडल्यास तेथेच थांबणारी चार ओळींची आज्ञा लेनच्या आरंभी घालून ठेवणे शहाणपणाचे. असे कंटाळवाणे मोजमाप मनुष्याने करू नये, ते यंत्रासाठीच आहे.

यंत्राला जे करता येत नाही त्याचीही नोंद घेतली पाहिजे. मंजुरी देणे दुकानाच्या हाती. ॲपल म्हणते की नव्वद टक्के अर्जांची छाननी चोवीस तासांच्या आत होते, गुगल काही प्रकरणांत सात दिवस वा अधिकही घेते, आणि तुमची आज्ञा कितीही चपळ असली तरी तिकडची घडी पुढे सरकत नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना तर गुगलने आधी वीस आणि डिसेंबर २०२४ पासून किमान बारा चाचणीकार सलग चौदा दिवस चाचणीत सामील राहिले पाहिजेत अशी अट घातली आहे. ही बारा माणसे कोणत्याही लेनमधून मिळत नाहीत, ती नात्यागोत्यांतून आणि कॉलेजच्या कट्ट्यावरूनच जमवावी लागतात. मागे फिरण्याची सोय नाही, हीदेखील मोठी गोष्ट. नव्या आवृत्तीत घोटाळा निघाला तर जुनीच संहिता पुन्हा बांधून, तिला आणखी मोठा क्रमांक देऊन, नवी म्हणून पाठवावी लागते. म्हणून जाणते लोक आवृत्ती एकदम सर्वांना देत नाहीत. प्रथम शंभरातील पाचांना, मग वीसांना, असे टप्पे पाडतात, आणि तक्रारी येऊ लागल्या की एका आज्ञेने वाटप थांबवितात. जी पाच माणसे आधीच फसली ती फसलीच, पंचाण्णव वाचतात.

आणि वेळेचा निर्णय. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी गुगलने नव्या अँड्रॉइडशी जुळवून घेण्याची मुदत ३१ ऑगस्ट ही दिली होती. त्यानंतर जुन्या पातळीची सुधारित प्रत दुकान, मुदतवाढ मागितली नसल्यास, स्वीकारीत नाही. ही तारीख कॅलिफोर्नियात बसून ठरविणाऱ्याला ती महिन्याअखेरीची एक साधी तारीख वाटली असेल. आपल्याकडे मात्र ती खरिपाच्या पीक पाहणीच्या ऐन मध्यावर येते, कारण शेतकऱ्यांच्या नोंदीचा काळ १ ऑगस्टला सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, आणि मुदतवाढ मिळाल्यास पुढेही, चालतो. ज्या आठवड्यात लक्षावधी माणसे बांधावर उभी राहून छायाचित्रे काढीत आहेत त्याच आठवड्यात ॲपच्या पायाखालची फरशी बदलणे म्हणजे काय, हे यंत्राला समजत नाही. ते जूनमध्येच ओळखून पेरणीपूर्वी काम उरकणे हे ज्याला मृग आणि महसुली वर्ष दोन्ही ठाऊक आहेत अशा माणसाचे काम. शेतीची ॲपे रचणाऱ्यांच्या दिनदर्शिकेत कंपन्यांच्या तारखांशेजारी हंगामाच्या तारखा लिहिलेल्या असाव्यात, आणि दोन्हींत विरोध आला तर हंगाम वरचढ ठरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहता राहिला किल्ल्यांचा प्रश्न. यंत्राकडे काम सोपविले की त्याच्याकडे किल्लीही सोपवावी लागते, आणि नवशिक्यांचा सर्वांत घातक प्रमाद म्हणजे स्वाक्षरीची किल्ली, तिचा परवलीचा शब्द आणि मुखत्याराची फाइल ही तिन्ही संहितेच्याच पेटीत ठेवून ती पेटी जगासमोर उघडी करणे. एकदा बाहेर गेलेली गोष्ट नंतर पुसली तरी तिच्या जुन्या प्रती राहतात. अशा उघड्या पडलेल्या किल्ल्या शोधणारी यंत्रे चोवीस तास हिंडत असतात. दूरच्या यंत्रांवर ‘सीक्रेट्स’ या नावाचा निराळा बंद कप्पा याचसाठी दिलेला असतो. किल्लीची एक प्रत त्या कप्प्यात, दुसरी संगणकाबाहेर एखाद्या पेनड्राइव्हवर कुलपात, आणि मुखत्याराला कामापुरतेच अधिकार, एवढे केले म्हणजे पुष्कळ झाले. जनतेसाठी प्रकाशित करण्याची शेवटची आज्ञा यंत्राने आपोआप द्यावी की मनुष्याने होकार दिल्यावरच, यावर जाणकारांत मतभेद आहेत. एखाद्या खेळाच्या ॲपचे कसेही चालेल, परंतु ज्या ॲपवर कोणाच्या पीकविम्याचा वा नुकसानभरपाईचा दाखला अवलंबून आहे, तेथे शेवटची मंजुरी माणसाच्या बोटाखालीच राहावी.

यवतमाळ, पुसद, वणी येथून जी मुले आता हे काम शिकत आहेत त्यांना एक विनंती आहे. प्रत्येक आवृत्तीबरोबर जाणारी पाचशे वर्णांची मराठी टीप यंत्र निमूटपणे घेऊन जाते, तिच्यात काय लिहिले आहे हे ते पाहत नाही. म्हणूनच बहुतेक ॲपांच्या टिपेत वर्षानुवर्षे ‘किरकोळ दुरुस्त्या व सुधारणा’ हेच एक वाक्य फिरत राहते. ती टीप वाचणारा मनुष्य बांधावर उभा असतो, त्याच्या फोनची बॅटरी संपत आलेली असते आणि नवी प्रत उतरविण्यात दिवसाच्या डेटाचा मोठा वाटा जाणार असतो. त्याला काय बदलले, फोटो आता कोठून घ्यावयाचा, आणि जुन्या नोंदी शाबूत आहेत की नाहीत, एवढे तीन ओळींत स्वच्छ मराठीत सांगा. बाकी सर्व यंत्राकडे सोपवा. एवढे मात्र स्वतः लिहा.